वेस्ट यॉर्कशायरमध्ये हौशी रग्बी लीग क्लब काढायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

डोंगरवाट:
मंडळी, हॅलिफॅक्स आणि हडर्सफील्डच्या मधल्या पट्ट्यात आमचा १७-१८ जणांचा गट उन्हाळ्यात पार्कात टच रग्बी (पाडापाडी नाही, नुसता स्पर्श) खेळतो. निम्मे आपले (आयटी आणि हॉस्पिटलवाले), निम्मे इथलेच. आता खरा १३ जणांचा, टॅकलवाला (धावणाऱ्याला धरून पाडायचा) संघ उभा करून पुढच्या मोसमात इथल्या हौशी लीगच्या अगदी तळाच्या गटात उतरायचा विचार आहे. प्रश्न असे: एवढी माणसे पुरतील का? नोंदणी आधी की मैदान आधी? वर्षाचा खर्च साधारण कसा मांडायचा? आणि व्हिसावर असलेल्यांना काही अडचण येते का? हा जुन्या क्लबांचा मुलूख आहे, तेव्हा नवीन क्लब काढणे वेडेपणा वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

लूज_फॉरवर्ड:
१७-१८ पुरणार नाहीत. मैदानात १३ आणि बाकावर ४, म्हणजे शनिवारी १७ लागतात. ते १७ हमखास मिळायचे तर यादीत २८ ते ३० नावे हवीत. ओपन एज (प्रौढांच्या) संघात शिफ्ट, लग्न, सुट्टी आणि दुखापत मिळून दर आठवड्याला यादीचा तिसरा हिस्सा गळतो. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये तुमचे निम्मे लोक भारतात गेलेले असणार, आणि लीगचा मोसम नेमका वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत चालतो. रजेचा तक्ता जानेवारीतच मागून घ्या. नवे क्लब बंद पडतात ते हरल्याने कमी आणि संघ न जमल्याने सामने सोडून दिल्याने जास्त. सामना सोडला की लीगचा दंड बसतो, ठरलेले मैदान फुकट जाते आणि पुढच्या वेळी समोरचा संघही तुम्हाला गांभीर्याने घेत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर: मैदान आधी. पण मैदानाच्या करारावर सही करायला कोणीतरी लागते, म्हणून त्याच्याही आधी स्थापना बैठक. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि वेल्फेअर ऑफिसर (खेळाडूंच्या, विशेषतः मुलांच्या सुरक्षिततेचे बघणारा) हे चार वेगवेगळे लोक हवेत, आणि त्यातले निदान दोघे न खेळणारे असावेत. सचिवच मैदानात हूकरच्या जागी खेळत असेल तर शनिवारी सकाळी फोन कोण उचलणार? बैठकीत घटना मंजूर करा, इतिवृत्त लिहा, सह्या घ्या. बँक खाते उघडताना हेच दोन कागद मागते आणि त्यात कित्येक आठवडे जातात. इथे आपल्या लोकांचा एक हमखास घोळ होतो: इतिवृत्तात ‘सचिन पाटील’ लिहिलेले आणि पासपोर्टवर मधे वडिलांचे नाव, नाहीतर आडनावाचा रकानाच रिकामा. बँक अर्ज परत पाठवते. इतिवृत्तात नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर, लिहा.

घटना म्हणजे फार मोठे प्रकरण नाही, चार-पाच पाने पुरतात. पण तीन कलमे सोडू नका. सभासदत्व सर्वांना खुले. नफा सभासदांत वाटायचा नाही. क्लब बंद पडला तर उरलेली मालमत्ता दुसऱ्या नोंदणीकृत हौशी क्लबला, धर्मादाय संस्थेला किंवा खेळाच्या नियामक संस्थेला जाईल. पुढे करसवलत मागायला गेलात की हीच तीन कलमे आधी पाहतात.

त्यानंतर रग्बी फुटबॉल लीगकडे, म्हणजे आरएफएलकडे संलग्नता, आणि मग लीगचा अर्ज. मोसम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि गटांची जुळवाजुळव त्याआधीच्या शरद ऋतूत होते. नोव्हेंबर उजाडेपर्यंत मैदानाचे पत्र हातात नसेल तर ते वर्ष विसरा. नुसते मैत्रीचे सामने आणि नऊ-नऊ जणांच्या स्पर्धा खेळा. त्यात कमीपणा अजिबात नाही, उलट मला विचाराल तर पहिले वर्ष तसेच काढावे.

नॉर्दर्न_युनियन:
वरच्या सगळ्याशी सहमत, पण मूळ प्रश्नालाच हात घालतो. नवीन क्लब कशाला? तुमच्या पट्ट्यात सिडल आहे, ग्रीटलँड ऑल राउंडर्स आहे, होमफर्थकडे अंडरबँक रेंजर्स आहे. एखाद्या जुन्या क्लबला ‘आम्ही तुमचा आणखी एक संघ म्हणून उतरतो’ असे विचारून तर बघा. मैदान, विमा, प्रथमोपचारवाला, बार, सगळे तयार मिळते आणि त्यांनाही राखीव खेळाडू मिळतात. दोन मोसम तसे खेळून तुमच्याकडे ३५ माणसे आणि चार कामसू स्वयंसेवक उरले, तर वेगळे व्हा. वेगळे होण्याची शक्यता पहिल्याच दिवशी बोलून ठेवा, म्हणजे नंतर कटुता येत नाही.

वेगळा क्लबच काढायचा असेल तर मैदानासाठी रग्बी युनियनवाल्यांचे (रग्बीचा दुसरा, १५ जणांचा प्रकार) दार ठोठवा. युनियनचा मोसम सप्टेंबर ते एप्रिल. तुम्हाला मैदान लागते नेमके त्यानंतर, जेव्हा त्यांचा बार ओस पडलेला असतो. १९९७ पासून रग्बी लीग कॉन्फरन्सने इंग्लंडच्या दक्षिणेत आणि मिडलंड्समध्ये उन्हाळी क्लब उभे केले, त्यातले कितीतरी असेच युनियनच्या मैदानावर आणि युनियनच्याच खेळाडूंवर चालले. पूर्वी हे शक्यच नव्हते. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब युनियनपासून फुटून निघाले ते बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला द्यावी या मुद्द्यावर. त्यानंतर जवळपास शतकभर लीग खेळलेल्याला युनियनचे दार बंद होते, मग तो एक पै न घेता खेळलेला का असेना. हौशी खेळाडूंना दोन्हीकडे ये-जा करायची मोकळीक मिळाली ती १९८७ मध्ये. आज कोणी अडवत नाही, पण जुने सभासद क्वचित कुरकुरतात. बारचा हिशेब दाखवला की थांबतात.

मैदानाच्या मापांत फार फरक नाही. लीगला गोलरेषा ते गोलरेषा जास्तीत जास्त १०० मीटर आणि रुंदी ६८ मीटर. खांबांमधले अंतर ५.५ मीटर, आडवी दांडी ३ मीटर उंचीवर. युनियनचे खांब ५.६ मीटरवर असतात, मैत्रीच्या सामन्याला कोणी पट्टी घेऊन येत नाही, तरी लीगच्या सामन्यांसाठी ते चालतील याची आधीच लेखी परवानगी घ्या. मेहनत आहे ती रेषांची. लीगला दर १० मीटरला आडवी रेषा लागते आणि २२ ऐवजी २० ची. त्या दुसऱ्या रंगात मारा. एकाच पांढऱ्या रंगात २० आणि २२ शेजारी शेजारी आल्या की बचाव करणारे भलत्याच रेषेवर उभे राहतात आणि रेफ्री वैतागतो. खांबांना गाद्या बांधणे सक्तीचे आहे. युनियनवाले मोसम संपला की त्या गोदामात टाकतात, तेव्हा किल्ली कोणाकडे ते विचारून ठेवा.

डोंगरवाट:
धन्यवाद! जवळचा एक क्रिकेट क्लब त्यांचे बाजूचे मोकळे मैदान द्यायला तयार आहे, फ्लडलाइटसकट. ते कसे वाटते?

नॉर्दर्न_युनियन:
सरावाला उत्तम, सामन्याला नको. शनिवारी दुपारी क्रिकेटही असते: तीच गाड्यांची जागा, तीच चेंजिंग रूम, तोच चहा. आणि सीमारेषेजवळच्या गवतात स्टडने पडलेले खड्डे त्यांच्या ग्राउंड्समनला एकदा दिसले की मे संपायच्या आत तुमची हकालपट्टी. घ्यायचेच असेल तर तारखांचा तक्ता करारालाच जोडा. शिवाय जून-जुलैत पाऊस नसला की अशी मैदाने दगडासारखी होतात. पाणी कोण मारणार आणि जमीन कडक म्हणून सामना कोण रद्द करणार, हेही त्यातच लिहा.

बर्फाची_पिशवी:
सामन्याच्या दिवसाबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहिते.

प्रत्येक सामन्याला आणि टॅकलच्या प्रत्येक सरावाला वैध प्रमाणपत्र असलेला प्रथमोपचारक मैदानाच्या कडेला लागतो. आरएफएलचा स्वतःचा कोर्स आहे: इमर्जन्सी फर्स्ट एड इन रग्बी लीग. तुमच्यात डॉक्टर-नर्स आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. त्यांचे शिक्षण चालते का ते आरएफएलकडून लेखी घ्या, आणि तेच खेळायला उतरले तर प्रथमोपचारक कोण? किमान दोन न खेळणाऱ्यांना हा कोर्स करायला लावा. एक सुट्टीवर गेला तरी सामना अडत नाही.

डोक्याला मार हा विषय सगळ्यात महत्त्वाचा. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचे म्हणणे पुरावा मानायचे नाही. हौशी खेळांसाठीच्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, गाडी आणि दारू बंद. त्यानंतर चालणे, हलके पळणे असे टप्पे. विश्रांतीत असताना सलग १४ दिवस कोणतेही लक्षण नसेल तरच टॅकलचा सराव, आणि सामना लवकरात लवकर २१ व्या दिवशी, तोही मधे लक्षणे परतली नाहीत तर. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, मानेत दुखणे किंवा हातापायांत मुंग्या असतील तर वाट न बघता ९९९ ला फोन. मान दुखतेय म्हणणाऱ्याला बाकीच्यांनी उचलून उभे करायचे नाही. नवीन संघात मदतीच्या भावनेने हेच आधी होते, म्हणून पहिल्या सरावालाच सगळ्यांना बजावा. कोणाला, कधी, कसा मार लागला याची वही सचिवाकडे असावी, कोचकडे नको. पुढचा सामना जिंकायची घाई कोचला असते.

अँब्युलन्स. फाटकाला कुलूप असते आणि त्याची किल्ली कौन्सिलच्या माणसाकडे. मैदान ठरवतानाच किल्ली मागून घ्या, फाटकाचा पोस्टकोड कागदावर लिहून प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पॅव्हिलियनचा पोस्टकोड आणि गाडी आत येते त्या फाटकाचा पोस्टकोड बऱ्याचदा वेगळे असतात. सर्वांत जवळचे डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) कुठे आहे आणि त्याची पेटी शनिवारी दुपारी उघडते का, तेही बघा.

रक्त येत असेल तर खेळाडूला बाहेर यावे लागते आणि रक्ताळलेल्या जर्सीत परत जाता येत नाही. म्हणून नंबर नसलेल्या दोन मोठ्या जर्सी कायम पिशवीत ठेवा. टच जज (कडेच्या रेषेवरचा रेफ्रीचा मदतनीस) तुम्हाला तुमचा एक द्यावा लागतो. यजमान असलात तर चमकदार जॅकेट घातलेला गेमडे मॅनेजरही लागतो. रेफ्रीला गाडीपासून खोलीपर्यंत नेणे, प्रेक्षकांना दोरीमागे ठेवणे, शिवीगाळ करणाऱ्याला समजावणे ही त्याची कामे. चढ्या आवाजाच्या माणसाला हे काम देऊ नका.

खजिनदार_दुसरा:
पैसा. आकडे उदाहरणापुरते धरा, तुमच्या भागातले दर टाकून पुन्हा करा.

घरचा एक सामना: मैदान ७० पौंड, रेफ्री ५०, दोन्ही संघांचे खाणे ६०, पट्ट्या-बर्फ १५. झाले १९५. असे ९ सामने म्हणजे १,७५५. सराव: आठवड्यातून दोन संध्याकाळी, ३० आठवडे, २५ पौंडांनी १,५००. पहिल्या वर्षाचे सामान १,५००. एकूण ४,७५५. हे २५ जणांत वाटले तर माणशी सुमारे १९०: सुरुवातीला ४० आणि मग ३० आठवडे पाच-पाच पौंड. पण ‘आला त्या दिवशी पाच’ असे ठेवलेत तर तीन हजार जमवतानाही दमछाक होईल, कारण न येणारा देत नाही आणि मैदानाचे भाडे तर तेवढेच लागते. बँकेतून दरमहा आपोआप वळती होणारी रक्कम ठेवा, मोसम नसलेल्या महिन्यांतही. बाहेरच्या सामन्यांचा प्रवास मी यात धरलेलाच नाही. तो गाड्या वाटून घेऊन करा, मिनीबस पहिल्या वर्षी परवडत नाही.

खाण्यावर काटकसर करू नका. सामन्यानंतर पाहुण्या संघाला जेवू घालणे ही इथली रीत आहे. पाय अँड पीज (मांसाची पेस्ट्री आणि वाटाणे) चालतेच, बटाटेवडे केलेत तर पुढच्या वर्षी लोक मैत्रीचा सामना स्वतःहून मागतील.

कर: एचएमआरसीकडे (ब्रिटिश करखात्याकडे) सीएएससी म्हणून नोंद करता येते, म्हणजे कम्युनिटी अमॅच्युअर स्पोर्ट्स क्लब. देणग्यांवर गिफ्ट एड (देणाऱ्याने भरलेल्या कराची रक्कम) मिळते (वर्गणीवर नाही), आणि स्वतःची इमारत असेल तर बिझनेस रेट्समध्ये (अशा जागांवरच्या स्थानिक करात) ८० टक्के सूट. अट अशी की क्लब सर्वांना खुला हवा आणि निम्मे तरी सभासद प्रत्यक्ष खेळणारे हवेत. वर्गणी वर्षाला ५२० पौंडांच्या वर गेली तर न परवडणाऱ्यांसाठी सोय दाखवावी लागते. १९० ला तो प्रश्न नाही. मात्र एकदा नोंद झाली की ‘आता नको’ म्हणून बाहेर पडता येत नाही. इमारत नाही, मोठी देणगी दिसत नाही, तर पहिली दोन वर्षे थांबा. वर सांगितलेली तीन कलमे घटनेत असली की दार उघडेच आहे.

साध्या नोंदणीविना चालणाऱ्या क्लबला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसते. मैदानाचा पाच वर्षांचा करार त्याच्या नावावर केलात तर सही करणारे दोघे-तिघे वैयक्तिक जबाबदार धरले जातात. वर्षावर्षाच्या भाड्याला हे चालते. लांबचा करार करायची वेळ आली की गॅरंटीने मर्यादित कंपनी (सभासदांची जबाबदारी ठरलेल्या रकमेपुरतीच) करून घ्या.

विमा: संलग्नतेसोबत काय मिळते आणि खेळाडूंचा अपघात विमा कोणत्या पातळीचा घ्यावा लागतो ते वाचा. मूळ पातळीची पॉलिसी गंभीर, कायमच्या दुखापतीसाठी असते. बोट मोडून बुडालेला पगार त्यात धरू नका. टॅक्सी किंवा डिलिव्हरी करणाऱ्या, स्वतःचा धंदा असलेल्या खेळाडूला आजारपणाचा पगारही नसतो, त्याला हे सही घेण्याआधी समजावून सांगा.

व्हिसा: निव्वळ हौसेने, पैसे न घेता खेळायला अडचण नाही. पण विद्यार्थी, ग्रॅज्युएट आणि डिपेंडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून काम करायला मनाई असते. म्हणून ‘जिंकल्यावर २० पौंड’ किंवा कोचला ‘पेट्रोलपुरते’ अशी गोल रक्कम क्लबच्या वहीत दिसता कामा नये. खर्च द्यायचाच तर पावतीवर, झाला तेवढाच.

लूज_फॉरवर्ड:
वेल्फेअर ऑफिसरबद्दल एक राहिले. १६-१७ वर्षांचे एखादे पोर सरावाला आले तरी बालसुरक्षेचे सगळे नियम लागू होतात. कोच आणि वेल्फेअर ऑफिसरची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची) स्वयंसेवकांना फुकट असते, वर अर्ज पाठवणारी संस्था थोडी फी घेऊ शकते. पण डीबीएसला परदेशातल्या नोंदी दिसत नाहीत. नुकतेच भारतातून आलेल्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितले जाऊ शकते. ते हाय कमिशनमार्फत मागवायला वेळ जातो, आधीच अर्ज करून ठेवा.

कोचची कोणती पातळी तुमच्या गटाला चालते ते लीगला लेखी विचारा. नुसता अनुभव चालत नाही.

आठ_आणि_दहा:
सामान आणि सराव यावर थोडे.

जर्सी मागवताना लोक ‘२० नग, लार्ज’ लिहून मोकळे होतात. लीगमध्ये नंबर जागेला बांधलेला असतो. ८ आणि १० प्रॉप, ११-१२ सेकंड रो: हे डबल किंवा ट्रिपल एक्सएल. ७ चा स्क्रम हाफ आणि २ व ५ चे विंगर मध्यम. १४ ते १७ बदली, त्यातले बहुतेक फॉरवर्ड, म्हणून तेही मोठे. ५ नंबर मापाचे १२ चेंडू, त्यातले दोन फक्त सामन्यासाठी राखीव. ६ टॅकल शील्ड, ४ टॅकल बॅग, ४० कोन, दोन रंगांचे बिब, पंप आणि सुया, सुया जास्तच घ्या. क्लबचे रंग ठरवण्याआधी गटातल्या इतरांचे बघा. पहिल्या वर्षी दुसरा जोड परवडणार नाही.

सराव १२ आठवडे आधी सुरू करा. पहिले तीन आठवडे टॅकल नको, पळणे आणि पासिंग. मग गुडघ्यावर बसून टॅकल, मग चालत, मग हळू पळत, आणि पूर्ण वेगाने सातव्या-आठव्या आठवड्यात. टच खेळून आलेल्यांचे पाय चांगले असतात पण खांदा कुठे लावायचा आणि डोके कोणत्या बाजूला ठेवायचे हे माहीत नसते. डोके धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला, कधीही समोर नाही. कबड्डी खेळलेल्यांची पकड अप्रतिम असते, पण ते धरूनच ठेवतात, आणि इथे रेफ्रीने सोडायला सांगितले की लगेच सोडावे लागते, नाहीतर पेनल्टी. युनियनवाले उलट टॅकल होऊन पडलेल्याच्या चेंडूवर तुटून पडतात, तीही पेनल्टी. टॅकलच्या उंचीचेही बघा: हौशी लीगमध्ये काखेखाली, युनियनमध्ये त्याहून खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापाशी. उंचीवर टॅकल करायची जुनी सवय असलेला पहिल्याच सामन्यात कार्ड घेतो.

दम मात्र वेगळ्याच गोष्टीचा लागतो. चेंडू घेऊन येणाऱ्या संघाला सहा टॅकल होईपर्यंत ताबा मिळतो. तेवढा बचाव म्हणजे सहा वेळा १० मीटर मागे पळत जाऊन पुन्हा पुढे येणे. नवीन संघ पहिली २५ मिनिटे बरोबरीत असतो आणि मग मागे जाणे थांबते, धावफलक फिरतो तो तिथे. म्हणून सरावात एकापाठोपाठ एक असे सहा-सहा टॅकलचे चार संच बचाव घ्या, मधे ३० सेकंद. प्ले-द-बॉल (टॅकल झाल्यावर चेंडू पुन्हा खेळात आणणे) थकलेला असतानाच घोटवा: दोन्ही पायांवर उभे राहा, समोर तोंड, चेंडू जमिनीवर, पायाने मागे. घाईत चेंडू पायाला लागतच नाही आणि ताबा जातो.

डोंगरवाट:
बरेच डोळे उघडले. नॉर्दर्न_युनियन यांचे ऐकून आधी जवळच्या एका क्लबशी बोलतो. तसे केले तरी आमची वेगळी समिती आणि खाते हवे का?

खजिनदार_दुसरा:
समिती हवी, खाते नको. त्यांच्या वहीत तुमच्या संघासाठी वेगळे पान मागा आणि दर महिन्याला त्याची प्रत घ्या. प्रायोजकाचा पैसा संघासाठी की क्लबसाठी, हे चेक फाटण्याआधी दोन ओळींत लिहून घ्या.